बाजार थांबवणारी हाक

८ जून

मामा,

लांबूनच पाया पडतो. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला केला तेव्हा तुम्ही घशातून काहीतरी केलंत, मामीने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "ते हो म्हणतायत." लगेच मागे काहीतरी आपटलं. म्हणजे ते हो नव्हतं. घशाचं ऑपरेशन होऊन तुमचा आवाज गेल्यापासून तुमचं बोलणं मामीच्या तोंडून ऐकावं लागतं, आणि त्यात तुमचं किती नि तिचं किती ते कळत नाही. म्हणून पत्र. शाळेत मी किती टिकलो ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका.

नोकरी लागली. मार्केटिंगची कंपनी आहे. म्हणजे माल दुसऱ्याचा, दुकान दुसऱ्याचं आणि ओरडायचं आपण. आपलंच काम की. फक्त आपली पुकाऱ्याची गाडी नाही, टपावर भोंगा नाही, ऊन नाही. कानाला यंत्र लावून खुर्चीत बसायचं आणि अनोळखी माणसाला फोन करून सांगायचं, की बाबा, तुला गादी बदलायची गरज आहे. तो म्हणतो, माझी गादी बरी आहे. आपण म्हणायचं, तुम्हाला तसं वाटतं.

मुलाखतीत त्यांनी शिक्षण विचारलं. मी सांगितलं. मग सगळे आपापले कागद चाळायला लागले. शेवटी एकजण म्हणाला, बोलून दाखव काहीतरी. मी उभा राहिलो, तुमच्यासारखा खाकरलो आणि चपलांच्या दुकानाचा पुकारा म्हटला. "मंडळी, आपापल्या पायांकडे बघा. बघितलंत? वाईट वाटलं ना? मग या चौकात." सगळे हसले. तिथल्या तिथे मला कामावर घेतला.

इथे मोठ्या साहेबाला साहेब म्हणायचं नाही, कॅप्टन म्हणायचं. कारण इथे साहेब कोणी नाही, सगळे एक कुटुंब, असं भिंतीवर रंगवलंय. आमच्या तुकडीचा पुढारी रोज सकाळी आम्हाला गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावतो आणि विचारतो, "कसे आहात?" आपण ओरडायचं, "जबरदस्त." ताप असला तरी जबरदस्त. त्याला आम्ही मागून टाळी म्हणतो. प्रत्येकाच्या टेबलावर आरसा आहे. फोनवर बोलताना त्यात बघून हसायचं. हसणं ऐकू जातं म्हणे. पहिल्या दिवशी मी स्वतःला बघून इतका हसलो की समोरच्या बाईने फोनच ठेवला.

मजा आहे एकूण. मामीला सांगा, वेळेवर जेवतो.

तुमचा,
भोंग्या

२१ जून

भोंग्या,

आशीर्वाद आहेतच, पुन्हा लिहून शाई घालवत नाही.

आपटला तो चमचा. हल्ली माझ्या गळ्यात पाटी असते. काय सांगायचं ते लिहून दाखवतो. पण तुझ्या मामीने त्यावर इलाज शोधलाय. भांडण रंगात आलं की ती ओलं फडकं घेऊन येते आणि माझी पाटी पुसते. मी अर्ध्या वाक्यात असतो. म्हणते, "जन्मभर तुम्ही भोंग्यातून बोललात, मी मधे बोलले का? आता माझी पाळी." यावर उत्तर आहे, पण लिहायला पाटी नाही.

पत्र दोनदा वाचलं. टाळ्या वाजवून जबरदस्त म्हणायचं काय प्रकरण आहे ते कळलं नाही. आपण सकाळी बॅटरी बघायचो, चाकात हवा बघायचो. माणूस कसा आहे ते त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं, विचारत नव्हतो. तुझी मजा चालली असेल तर बरंच आहे. वेळेवर जेवतो हे वाक्य मात्र तू लहानपणापासून एकाच तऱ्हेने बोलतोस.

परवा गाडीवरचं कापड काढलं, उंदीर शिरलाय का बघायला. मागच्या सीटच्या कडेला तुझ्या दातांच्या खुणा अजून आहेत. तुझी आई गेल्यावर तुला घरी आणला तेव्हा तू रात्रंदिवस रडायचास. तुझ्या मामीने हात टेकले. मग मी तुला गाडीत घालून कामावर नेलं. डोक्यावर भोंगा बोंबलतोय आणि हा पठ्ठ्या गाढ झोपलेला. गाडी बंद केली की जागा होऊन भोकाड. संध्याकाळी काम संपलं तरी मी तुझ्यासाठी गल्लीगल्लीतून उगाच फिरायचो, कुठल्यातरी दुकानाचा फुकट पुकारा करत. दुकानदारांना वाटायचं मी दिलदार आहे.

फोनवर तू काय विकतोस ते लिहिलंस. लोक घेतात का ते लिहिलं नाहीस.

मामा

१४ जुलै

मामा,

लोक घेत नाहीत.

खरं सांगतो, मला अजून शांततेत झोप येत नाही. खोलीत आम्ही पाचजण आहोत, एकजण घोरतो, त्याच्याजवळ अंथरूण टाकलंय.

इथे काय आहे, की ज्याची विक्री झाली त्याने मधल्या टेबलावरची घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी ओरडायचं. ज्याची दुपारपर्यंत झाली नाही त्याची खुर्ची काढून नेतात. उभं राहून फोन करायचे. शिक्षा नाही म्हणे, उभं राहिलं की आवाजात जोर येतो. माझ्या आवाजात हल्ली खूप जोर आहे. जागेवरून उठायचं असेल, अगदी मोरीला जायचं असेल, तरी टेबलावर लाल झेंडी लावायची, आणि झेंडी फार वेळ दिसली की टाळी येऊन आरशात आपल्या मागे उभा राहतो. काही अडचण सांगितली की तो एकच शब्द म्हणतो, "निगेटिव्ह." हा इथला सगळ्यात वाईट शब्द. आईबहिणीवरून बोललेलं चालतं, निगेटिव्ह चालत नाही.

माझ्या शेजारी एक मुलगी बसते, तिला सगळे चष्मा म्हणतात. तीच मला इंग्रजी कागद वाचून दाखवते. तिचे वडील दवाखान्यात आहेत. तिने रजा मागितली तर कॅप्टन म्हणाला, "आम्ही तुझं कुटुंब नाही का?" ती जागेवर आली आणि आरशात बघून हसली. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, "सवय. रडू आलं की आता हसूच येतं."

आता कामाचं. कॅप्टनकडे एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाची जाहिरात आलीय. त्याला त्यात जुन्या पुकाऱ्याच्या गाडीचा आवाज हवाय. टाळीला माझी मुलाखत आठवली. मी म्हटलं, माझं काय ऐकता, खरा आवाज माझ्या मामांचा. तुमच्या सगळ्या टेपा मामीच्या साफसफाईत गेल्या, पण एक आहे ना? ती, बाजाराच्या दिवशी माझ्या हातून रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं गेलं ती. आधी कापडाचं दुकान आहे आणि मग मधेच थांबून तुम्ही हरवलेल्या मुलीला हाक मारलीय.

ती हाक मला पाठ आहे. बाकीचे पुकारेवाले लोकांना सांगायचे, लाल झबलं, वय इतकं, दिसल्यास कळवावे. तुम्ही लोकांशी बोलायचाच नाहीत. सरळ मुलीशी बोलायचात. "बाळा, तू नाही हरवलीस, तुला आम्ही हरवलंय. रडू नकोस. आहेस तिथेच उभी राहा. आम्ही येतोय." आणि मशीन बंद. मग अख्खा बाजार गप्प. तराजू हातात तसाच, सुटे पैसे तसेच. जो तो खाली बघायला लागायचा, पाटाखाली, हातगाडीखाली. आणि त्या शांततेत कुठूनतरी रडणं ऐकू यायचं. मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, रडू नकोस सांगता आणि रडण्यावरच शोधता? तुम्ही म्हणालात, रडू नकोस म्हटल्यावर कुठलं पोर रडायचं थांबलंय?

पाठवाल का? माझं जमलं तर फोनवरून उठवून जाहिरातीच्या खोलीत बसवतील. तिथे खुर्च्या काढत नाहीत.

भोंग्या

२८ जुलै

भोंग्या,

टेप पाठवतोय. कपड्यांच्या घडीत गुंडाळली आहे, सदरा तुझाच आहे, घाल.

घरात पडून होती. कोण ऐकतंय? मी एकदा लावली आणि लगेच बंद केली. आपणच आपल्या फोटोला हार घातल्यासारखं वाटलं. तुझ्या मामीला तर माझा आवाज जन्मभर पुरून उरलाय. तेव्हा कामाला येत असेल तर येऊ दे, खुर्ची मिळव.

एक मात्र त्यांना सांग. कापडाच्या दुकानाचा भाग पाहिजे तसा वापरा. मुलीची हाक ही जाहिरात नाही. त्या कामाला मी कधी कोणाकडून काही घेतलं नाही आणि ते शब्द दुसऱ्या कशाला वापरले नाहीत. बाजार थांबायचा तो माझ्या आवाजाला नाही. ते शब्द खोटे कधीच निघाले नव्हते म्हणून थांबायचा.

मामा

(त्याच पाकिटात, सदऱ्याच्या खिशात)

बाळा भोंग्या,

हे त्यांना न सांगता घालतेय, सदऱ्याची इस्त्री करते म्हणून घेतला.

टेप मी पाठवली नसती. ते दुपारी चौकात जाऊन बसतात ना, तेव्हा मी लावते. बारीक आवाजात, दार लावून, शेजारणीला कळू नये म्हणून. कापडाच्या दुकानाचं मला काही नाही. पण अगदी शेवटी, हाक मारून झाली की ते खोकतात आणि म्हणतात, "पाणी दे गं." मी काही त्या दिवशी गाडीत नव्हते. गाडीत तू होतास. "दे रे" म्हणाले असतील. पण मला दे गं ऐकू येतं, आणि मी ते तसंच ठेवलंय.

त्यांना वाटतं मला त्यांच्या आवाजाचा कंटाळा होता. होताच. आता काय करणार.

काम झालं की परत पाठव. विसरलास तर येऊन कान उपटीन. आणि तू जेवत नाहीस, मला माहीत आहे.

मामी

२३ ऑगस्ट

मामा, मामी,

दोघांना नमस्कार. मामी, खिशातलं तुझं सामान माझ्याकडे जपून आहे, काळजी नको.

टेप ऐकवली. कॅप्टनच्या खोलीत लावली, पण दार उघडं होतं म्हणून सगळ्या मजल्यावर ऐकू गेली. कापडाच्या दुकानाला लोक हसले, चांगलं हसले. मग ती हाक आली. मामा, इथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. तरी फोन थांबले. एकजण घंटा वाजवायला निघाला होता, तो हात वर करून तसाच उभा राहिला. आणि चष्मा वाकली आणि टेबलाखाली बघायला लागली. नंतर लाजली. म्हणाली, वाकायचं नाही असं ठरवायच्या आधीच वाकले.

कॅप्टनला फार आवडलं. म्हणाला, "हेच पाहिजे, हेच." मी तुमचं म्हणणं सांगितलं, ते शब्द सोडून काहीही घ्या. टाळी मधेच म्हणाला, निगेटिव्ह. कॅप्टन म्हणाला, बघू. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोलात त्याने टाळीला पुढे बोलावलं आणि पाठ थोपटली, की याने स्वतःच्या काकांची टेप कंपनीला दिली, याला म्हणतात कुटुंब. टाळीने मान खाली घातली, काकांची आठवण आल्यासारखी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात वाजले. आपोआपच वाजतात आता.

जाहिरातीच्या खोलीतली खुर्ची टाळीला मिळाली, वर आमची तुकडीही त्याच्याकडेच राहिली. मी आहे तिथेच.

चष्मा गेली. तिचे वडील फार आजारी झाले, ती न विचारता निघून गेली. इथली रीत अशी, की जो सोडून गेला त्याचं नाव घ्यायचं नाही. कोणी घेतलं तर टाळी विचारतो, "कोण?" अगदी खरं वाटावं असं विचारतो. तिचा आरसा अजून टेबलावर आहे. त्यात आता मला खिडकी दिसते.

टेप कॅप्टनच्या कपाटात आहे. मिळेल. आठवण येते की आपण उन्हात गाडी झाडाखाली लावून डबा खायचो आणि तुम्ही तोंडात घास असताना माइक चालू राहिला होता. अख्ख्या गल्लीने तुमचं चावणं ऐकलं. त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, आज भाजी कसली होती. इथे कोणी कोणाला विचारत नाही.

भोंग्या

१० ऑक्टोबर

भोंग्या,

तुझ्या मामीचं कसलं सामान तुझ्याकडे जपून आहे ते मी त्या वेळी विचारणार होतो. आता विचारायची गरज राहिली नाही.

मंगळवारचा बाजार होता. मी मोजेवाल्याच्या शेजारी बसलो होतो, रोजच्यासारखा. एकदम माझा आवाज आला. रस्त्याच्या टोकाकडून. "बाळा, तू नाही हरवलीस."

मला पहिल्यांदा वाटलं, माझ्या डोक्यात येतोय. पण मोजेवाला उठला. मग चहावाल्याने स्टोव्ह बंद केला. बाजार थांबला, भोंग्या. इतक्या महिन्यांनी, होता तसा थांबला. बाया पदर खोचून हातगाड्यांखाली वाकल्या. पोत्यांमागे बघितलं, गटाराच्या कडेला बघितलं. चपलेवाला, ज्याचे गुडघे वाकत नाहीत, तो जमिनीवर आडवा झाला. आणि मधेच एकेकजण माझ्याकडे बघायला लागला, की हा इथे बसलाय तर बोलतंय कोण? एका म्हातारीने माझ्या गळ्याला हात लावून बघितला. म्हणाली, "आला होय रे परत?"

तेवढ्यात तुझी मामी आली. अनवाणी. घर कुठे, बाजार कुठे, आणि ही धावत आलेली. माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मान हलवली, मी नाही म्हणून. मग ती तिथेच रस्त्यावर बसली आणि टेपेचं सगळं सांगितलं. दुपारचं, दार लावून ऐकायचं. मी चौकात बसायचो ते तिला माझं गप्प तोंड बघायला नको म्हणून, आणि ती वाट बघायची मी कधी जातो याची. आम्ही दोघं वेडेच.

आवाज जवळ आला. मोठी गाडी, मागे भला मोठा पडदा, त्यावर रंगीत सोफे. "आहेस तिथेच उभी राहा. आम्ही येतोय." आणि मग ढोल वाजले आणि एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, येतोय आम्ही तुमच्या शहरात, सोफा, पलंग, कपाट, सगळं अर्ध्या किमतीत.

चपलेवाला कपडे झटकत उठला. जो तो आपापल्या मालाकडे वळला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता ती गाडी रोज येते. दुसऱ्या दिवशी थोडे लोक थांबले. तिसऱ्या दिवशी फक्त ती म्हातारी. आता पोरंसुद्धा माझ्या आवाजात ओरडतात, "बाळा, सोफा, पलंग, कपाट." गंमत म्हणून छानच करतात.

मला नाव नको, बिदागी नको. टेप तुझ्या मामीला दे. आणि ती हाक तेवढी बंद करायला सांग. उद्या खरंच कोणाचं पोर हरवलं तर बाजार कोणाच्या शब्दाला थांबेल? मी तर ओरडूही शकत नाही.

मामा

२६ ऑक्टोबर

मामा,

सकाळच्या गोलात बोललो. एकट्याने खोलीत जाऊन बोललो असतो तर बाहेर आल्यावर काय बोललो ते टाळीने ठरवलं असतं.

त्याने विचारलं, "कसे आहात?" सगळे ओरडले. मी म्हटलं, "मी बरा नाही." टाळ्या थांबल्या. मी म्हटलं, तो आवाज माझ्या मामांचा आहे, याच्या काकांचा नाही. आणि त्यातली मुलीची हाक जाहिरातीतून काढा, आमच्या गावात लोक पोर शोधतात आणि सोफा निघतो.

कोणीतरी हसलं. मग कॅप्टन हसला, म्हणजे सगळेच हसले. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे वेड्या, ही तर जाहिरात चालल्याची खूण आहे. लोक थांबतायत."

मी म्हटलं, "आता थांबत नाहीत. तेच सांगतोय."

"हे बघ, ते आता आपलं आहे. कुटुंबात तुझं-माझं असतं का?"

मी म्हटलं, "नसेल तर तुमच्या गाडीची किल्ली द्या. मामांना दवाखान्यात न्यायचं असतं दर महिन्याला."

एकाने खोकल्यासारखं केलं. कॅप्टनचा हात खांद्यावरून निघाला. माझी खुर्ची त्या दिवशी सकाळीच गेली. मी उभ्याने फोन लावला, सरळ त्या फर्निचरवाल्याच्या ऑफिसात. तिथल्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "मला पटतं तुमचं. पण गाडी भाड्याने घेतलीय, सेल संपेपर्यंत फिरणारच." तेवढ्यात आरशात टाळी उभा.

मला काढला म्हणा किंवा मी सोडली म्हणा, दोन्ही खरं आहे. टेप मागितली तर कॅप्टनने कपाटातून काढून टेबलावर सरकवली. "ने. आमच्याकडे कॉम्प्युटरमध्ये आहे." त्याला ती रिकाम्या डब्यासारखी होती. दाराशी टाळी आला. मला वाटलं काहीतरी लागेल असं बोलणार. हळूच म्हणाला, "मला खरंच एक काका होते. ते बोलायचेच नाहीत." आणि आत गेला. आतापर्यंत तोही मला "कोण?" म्हणून मोकळा झाला असेल.

जाहिरात थांबली नाही, मामा. तेवढं नाही जमलं. टेप घेऊन येतोय. गाडीची बॅटरी चार्जिंगला लावा. ते शब्द आता गेले, दुसरे शोधा. बोलायला मी आहे.

मामीला सांगा, दोन वेळचं जेवण राहिलंय ते एकदमच जेवीन.

भोंग्या

२ डिसेंबर

चष्मा,

तुझं पत्र इथल्या पत्त्यावर पोचलं. वडील घरी आले, उठून बसतात हे वाचून बरं वाटलं. तू विचारलंस मी परत गाडीवर बसलो ते खरं का, आणि बाजारात काय झालं म्हणून ऐकलंस ते काय. कोणाकडून ऐकलंस ते लिहिलं नाहीस. मी सांगतो तसं झालं.

गाडी आम्ही सुरू केली. छोटी कामं मिळतात. मामा शेजारी बसतात, मी चुकलो की गुडघ्यावर चापट मारतात. आवाज बरा आहे म्हणतात, घाई फार करतो. नवे शब्द मात्र त्यांना सुचेनात. रोज लिहायचे आणि मामीच्या आधी स्वतःच पुसायचे.

मागच्या मंगळवारी बाजारात एक बाई धावत आली. तिची मुलगी हात सोडून गेली होती, तीन-साडेतीन वर्षांची. मामांनी माझ्याकडे बघितलं. दुसरं काही तोंडात नव्हतं म्हणून मी माइक घेऊन म्हटलं, "बाळा," आणि तेवढ्यात मोजेवाला, मान वर न करता, सहज म्हणाला, "हो हो, सोफा, पलंग, कपाट." कोणी थांबलं नाही. तू ऐकलं असतंस तर तुलाही हसू आलं असतं, इतकं सहज म्हणाला.

मग मी मुलीशी बोललोच नाही. एकेकाला धरलं. "मोजेवाल्या, ही खरी हरवलीय, तिची आई माझ्यासमोर उभी आहे, वर बघ. चहावाल्या, स्टोव्ह बंद कर. चपलेवाले काका, तुम्ही वाकू नका, तुमच्या नातवाला वाकवा. फुगेवाल्या, तुझी शिट्टी थांबव. हो, तुलाच सांगतोय." एकेक करत गेलो. चिडले लोक, एकाने शिवीही दिली, पण त्या बाईला बघून गप्प झाला. बाजार गप्प व्हायला वेळ लागला. पण झाला.

आणि रडणं कुठूनच ऐकू येईना.

सगळीकडे शांत, आणि त्या शांततेत एकच आवाज. त्या सेलच्या गाडीचा, लांब रस्त्याच्या टोकाला उभी होती. मामांचा आवाज. रडू नकोस, आहेस तिथेच उभी राहा, आम्ही येतोय. ढोल. सोफे. परत, बाळा, तू नाही हरवलीस. मामा उठले आणि तिकडे चालायला लागले. मला वाटलं, आज हे त्या पडद्यावर दगड घालणार. मी माइक टाकून मागे धावलो, ती बाई माझ्या मागे.

मुलगी त्या पडद्यासमोर उभी होती. रडत नव्हती. दोन्ही पाय जुळवून, हात बाजूला, शाळेत उभं करतात तशी. इतके सगळे लोक तिथून येत-जात होते, पण रडणारं पोर शोधायची आम्हाला सवय, ही दिसलीच नाही कोणाला. गाडीवाला म्हणाला, बराच वेळ झाला, मी हाकलली तरी हलेना.

मामा तिच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसले. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, सरका. ते येतायत."

मामा सरकले.

भोंग्या